एक्क्याऐंशीचं पाऊल

१

सोमवार, ११ मे. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडच्या दारात रिक्षा थांबली. तिच्यातून दोघी उतरल्या. त्यांतल्या एकीच्या निधनाची बातमी आदल्या संध्याकाळी छापून आली होती.

शेडमध्ये पूर्वी फौंड्रीचे लाकडी साचे बनत. चार वर्षांपासून तिथं ‘टाच’ या समकालीन नृत्यसंस्थेची तालीम चालते. सोमवारी तालीम नव्हती, बांधाबांध होती. दोन वाजता मुंबईची बस, मंगळवारी दुपारी अडीचला विमान आणि शुक्रवारी बेल्जियममधल्या घेंट शहरात प्रयोग. संस्थेचा परदेशातला हा पहिलाच. आठ माणसं जाणार होती. रविवार संध्याकाळपासून सात जाणार असं ठरलं होतं.

कारण रविवारच्या सायंदैनिकात चौथ्या पानावर हा मजकूर होता :

‘शांतव्वा हत्तरकी. गडहिंग्लज, ता. १० : शांतव्वा चनबसाप्पा हत्तरकी (वय ८१) यांचे आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. नर्तिका विद्याश्री यांच्या त्या आजी होत. रक्षाविसर्जन मंगळवारी (ता. १२) सकाळी नऊ वाजता आहे.’

शांतव्वा दारातून आत आल्या. त्या उजवी टाच आधी टेकवत, पाऊल अर्धं फिरवत आणि मग चवडा खाली आणत. लाकडी फरशीवर त्याचा एक ठराविक ठेका वाजत होता. आतल्या प्रत्येकाला तो पाठ होता. ‘मळणी’ या एकल नृत्याची सुरुवात त्याच ठेक्याने होते. त्या अकरा मिनिटांच्या चित्रफितीवरच घेंटचं आमंत्रण आलं होतं.

“कोन मेलंय म्हनं हितं?” शांतव्वांनी विचारलं. “म्हटलं, आपुनच जाऊन बघून यावं.”

विद्याश्री आजीच्या मागे पाठीवर बॅग घेऊन उभी होती. सव्वीस वर्षांची, बारीक, काटक. तिची नजर समोर उभ्या असलेल्या नर्तिकेवर होती. भूमिका पट्टणशेट्टीच्या अंगात ‘मळणी’चा गवताळ रंगाचा पोशाख होता.

“काढ ते,” विद्याश्री म्हणाली.

“राजवीरसरांनी दिलंय. त्यांना सांग.”

“तुला सांगतेय.”

“तीन वर्षं तुझ्या मागं उभी राहून नाचतीय मी. एक दिवस घातलं तर झिजत नाही.”

संस्थेचे संचालक राजवीर इंगवले कोपऱ्यातून पुढे आले. त्यांनी शांतव्वांकडे पाहिलं, मग विद्याश्रीकडे. “देवाची कृपा,” ते म्हणाले. “पण आता नावं कळवून झाली आहेत, विद्या. चूक पेपरवाल्यांची आहे.”

“पेपरवाल्यांची नाही,” दारातून आवाज आला. “मजकूर तुमच्याच फोनवरून गेलाय.”

२

बोलणाऱ्या बाई क्रांती सासने होत्या. वय एकसष्ट. शाहूपुरीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत विद्याश्री भाड्याने राहते. क्रांतीताईंनी बावीस वर्षं एका दैनिकात निधनवार्तांचा रकाना सांभाळला. जिवंत माणसाची निधनवार्ता त्यांच्या हातून एकदाही गेली नाही, हे त्या कुणी विचारलं तरच सांगतात.

विद्याश्रीचा फोन त्यांना सकाळी साडेआठला आला होता. शनिवारी दुपारी ती आजीला भेटायला कर्नाटक सीमेजवळच्या गावी गेली होती. आई लवकर गेल्यामुळे आजीनेच वाढवलेलं, म्हणून ती तिला ‘अव्वा’च, म्हणजे आईच, म्हणते. गावात रेंज नाही. सोमवारी सकाळी एसटी गडहिंग्लजला पोचली तेव्हा फोनवर एकदम चाळीस संदेश आले. सगळे सांत्वनाचे. नातीला निरोप द्यायला निघालेली अव्वा शेजारच्या सीटवर शेंगा सोलत होती.

क्रांतीताईंनी सायंदैनिकातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. मजकूर रविवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. त्यांनी नंबर मागून घेतला. आता तो त्यांनी वाचून दाखवला.

व्यवस्थापक अमरसिंह खराडे यादीवर खुणा करत होते. त्यांनी पेन थांबवलं. “हा ऑफिसचा फोन हाय. त्या खिडकीत असतोय. लॉक न्हाय त्याला.”

“रविवारी बाराला इथं कोण होतं?”

“मी, राजवीरसर, ही भूमिका आणि प्रभुलिंग. बाकीची पोरं तीनला आली.”

“आणि विद्याश्री गावाला आहे, तिथं रेंज नसते, हे कुणाला माहीत होतं?”

अमरसिंहांनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर विद्याश्रीच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘शनि. दुपार ते सोम. सकाळ गावी. फोन लागणार नाही.’

“म्हणजे सगळ्यांना,” क्रांतीताई म्हणाल्या.

“ह्या बाई कोण म्हणून विचारताहेत?” राजवीर म्हणाले. “पोलीस?”

“पोलीस बोलवू का?” विद्याश्रीने विचारलं. “मग दोनची बस चुकेल. सगळ्यांची.”

शांतव्वांना कुणीतरी खुर्ची दिली. त्यांनी उजवा पाय लांब करून ठेवला आणि पोटरी चोळू लागल्या.

“दुखतोय का?” क्रांतीताईंनी विचारलं.

“दुखायचं काय त्यात. एक्क्याऐंशी सालात मळणीचा दगड गेला त्याच्यावरनं. तवापासनं तो त्याच्या मनानं चालतोय.”

प्रभुलिंग जंगम ध्वनीच्या पेट्यांवर बसला होता. ‘मळणी’चं संगीत त्याचं. त्याचं आणि विद्याश्रीचं लग्न ठरलं होतं, जानेवारीत मोडलं. तेव्हापासून तिच्याशी बोलायचं असलं की तो दुसऱ्याकडे बघून बोलतो. आताही तो अमरसिंहांकडे बघून बोलला.

“काल बाराच्या सुमाराला ऑफिसचा फोन भूमिकाच्या हातात होता. मी बघितलंय.”

३

“टायमर लावत होते,” भूमिका म्हणाली. “माझा फोन चार्जिंगला होता. अकरा मिनिटं मोजायची होती.”

“कसली अकरा मिनिटं?” विद्याश्रीने विचारलं. “मळणीची? अव्वा मेल्याचं छापून यायच्या आधीच तू मळणीची तालीम करत होतीस?”

भूमिकाचा चेहरा लाल झाला. “बदली म्हणून माझं नाव वर्षभर यादीत आहे. बदलीनं तालीम करू नये का? तुला काय वाटतं, तो नाच तुझ्या बापाचा आहे?”

“आजीचा आहे.”

“हितंच हाय आजी,” शांतव्वा म्हणाल्या. “भांडा. माज्या जिवावर उठलेलं कोन, ते कळंपर्यंत मी काय हलत न्हाय.”

क्रांतीताईंनी भूमिकासमोर खुर्ची ओढली. “घरचं गाव कुठलं तुझं?”

“संकेश्वर. का?”

“घरात शेवटचं कोण वारलं?”

“आजोबा. दोन वर्षं झाली.”

“तिसऱ्या दिवशी काय केलं तुम्ही?”

“समाधीवर गेलो. विभूती, बेल, पूजा. स्वामी आले होते.”

“आणि राख?”

भूमिकाने त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “कसली राख? लिंगायत आहोत आम्ही. बसवून पुरतो.”

क्रांतीताईंनी पिशवीतून सायंदैनिक काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. भूमिकाने वाचलं. मग प्रभुलिंग उठून आला, त्याने वाचलं. “रक्षाविसर्जन,” तो म्हणाला. आपण ते काल चारदा वाचलं होतं आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“कोल्हापुरात निधनवार्ता लिहायची म्हटलं की हा शब्द हात आपोआप लिहून जातो,” क्रांतीताई म्हणाल्या. “पण मराठ्याच्या घरातल्या माणसाचा. लिंगायत घरातला माणूस स्वतः मजकूर लिहील तर ‘लिंगैक्य’ लिहील, ‘अंत्यविधी’ लिहील. राखेचा विषय काढणार नाही. मी सहकाऱ्याला तेही विचारलं. शब्द त्यांनी घातलेला नाही. आला तसा लावला.”

“माजी राख,” शांतव्वा म्हणाल्या. “मातीत जायची बाई मी. मला जाळायला निगाले व्हय रे?”

“म्हणजे मी नाही,” भूमिका म्हणाली.

“तू नाहीस. प्रभुलिंगही नाही, तोही लिंगायतच.”

प्रभुलिंगने पहिल्यांदाच विद्याश्रीकडे सरळ पाहिलं. “तुला वाटलं होतं मी असेन.”

“हो,” ती म्हणाली.

संशयात उरलेले दोघं एकमेकांपासून दहा फुटांवर उभे होते. राजवीर इंगवले आणि अमरसिंह खराडे.

४

अमरसिंह आधी बोलले. “मला ही पोरगी आवडत न्हाय. लपवायचं काय त्यात? वेळेवर येत न्हाय, फॉर्म भरत न्हाय, वर तोंड करून बोलतीय. पण तिला काढायची असती तर तोंडावर काढली असती.”

“काल पेपर कुणी आणला?”

“मी. पाचला आलतो घेऊन. शिरोली नाक्यावर चहा पिताना दिसलं. सरांना दाखवलं. सर म्हणले, सुतक आलं, दहा दिवस स्टेजवर येता येणार न्हाय, तिचं तिकीट रद्द करा. मळणी भूमिका नाचंल.”

“सुतक?” प्रभुलिंग म्हणाला. “आमच्यात सुतक पाळत नाहीत.”

“मला काय माहीत,” राजवीर म्हणाले. “मी माणुसकीनं बोललो. घरात मयत झाल्यावर पोरीला नाचायला न्यायची?”

“तिकीट रद्द केलंत?” क्रांतीताईंनी अमरसिंहांना विचारलं.

“न्हाय. तोंडी सांगण्यावर मी तिकीट रद्द करत न्हाय. लेखी द्या म्हटलं. दिलं न्हाय अजून.”

आपलं तिकीट जिवंत आहे हे विद्याश्रीला तेव्हा कळलं.

क्रांतीताईंनी तिचा फोन मागितला. सकाळच्या चाळीस संदेशांत घेंटहून आलेली एक मेल होती. महोत्सवाच्या संयोजक बाईंनी तिच्या आजीबद्दल दुःख व्यक्त केलं होतं. खाली राजवीर यांनी त्यांना पाठवलेली मूळ मेल तशीच जोडलेली होती : विद्याश्रीच्या घरी मृत्यू झाल्यामुळे ती येणार नाही, एकल नृत्य भूमिका पट्टणशेट्टी सादर करील, नृत्यरचना पूर्वीप्रमाणेच राजवीर इंगवले यांची. वर वार आणि वेळ होती. रविवार, १०:१०.

“ही मेल तुम्ही कधी पाठवलीत?”

“रात्री,” राजवीर म्हणाले. “पेपर पाचला बघितला, विचार केला, रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी पाठवली. लिहिलंच आहे की त्यात.”

“ते लोक चोवीस तासांचं घड्याळ वापरतात, रात्रीचे दहा म्हणजे ‘२२’ लिहितात. म्हणजे हे सकाळचे दहा दहा आहेत. आणि ते त्यांच्या घड्याळाचे. मे महिन्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात.” क्रांतीताईंनी घाई केली नाही. “आपल्याकडे तेव्हा दुपारचा एक चाळीस झाला होता. सायंदैनिक स्टॉलवर येतं चारला. जी बातमी अजून छापूनच झाली नव्हती, ती तुम्ही घेंटला कळवली.”

अमरसिंहांनी कुणाला न विचारता टेबलावरचा लॅपटॉप उघडला आणि पाठवलेल्या मेलची यादी काढली. “एक चाळीस,” ते म्हणाले. “दुपारचे.”

राजवीर यांनी अमरसिंहांकडे हात केला. “त्या खात्याचा पासवर्ड दोघांकडे आहे. माझ्याकडे आणि ह्याच्याकडे. माझ्या नावानं मेल ह्यानं पाठवली नसंल कशावरून? मी पाठवलेली रात्रीची मेल गेलीच नसंल. मला त्यातलं कळत नाही.”

“सर,” अमरसिंह म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आठ वर्षं तुमच्या बॅगा उचलल्या मी.”

“मग? उपकार केलेस?”

क्रांतीताईंनी दोघांनाही थांबवलं. “विद्याश्री, शुक्रवारी काय झालं ते सांग. मला सकाळी सांगितलंस तसंच. शब्द बदलू नकोस.”

५

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता विद्याश्री राजवीर यांच्या खोलीत गेली होती. दार बंद होतं. बाहेर आवाज ऐकू येत होते, शब्द नव्हे. घेंटच्या पुस्तिकेत ‘मळणी’ची रचना राजवीर यांच्या नावावर होती. तिला तिथं आपलं नाव हवं होतं. राजवीर म्हणाले, तुला मी शिकवलं, तुझं पाऊलही माझंच.

“मी म्हटलं, पाऊल तुमचं नाही. माझ्या आजीचं आहे. एक्क्याऐंशीचं पाऊल आहे ते. प्रयोगानंतर प्रेक्षक प्रश्न विचारतात तेव्हा मी स्टेजवरून हेच सांगणार.”

“एवढंच?”

“एवढंच. ते म्हणाले, बघू कशी सांगतेस.”

क्रांतीताई अमरसिंहांकडे वळल्या. “प्रवासाच्या विम्याचा फॉर्म तुमच्याकडे आहे ना? विद्याश्रीचा.”

अमरसिंहांनी फाईल उघडली. त्यांच्याच अक्षरात, आजीच्या आधार कार्डावरून उतरवलेलं होतं. वारस : शांतव्वा चनबसाप्पा हत्तरकी. नातं : आजी. वय : ७४.

“चौऱ्याहत्तर,” त्यांनी वाचलं.

“पुढच्या म्हैन्यात पंच्याहत्तर,” शांतव्वा म्हणाल्या.

“पेपरात एक्क्याऐंशी आहे,” क्रांतीताई म्हणाल्या. “निधनवार्तेत वय चुकतं, नेहमी चुकतं. पण ते कुठून तरी आलेलं असतं. अमरसिंहांनी मजकूर लिहिला असता तर त्यांच्या फाईलमधलं वय लिहिलं असतं. घरच्या कुणी लिहिला असता तर खरं लिहिलं असतं. एक्क्याऐंशी हा आकडा शांतव्वांच्या संदर्भात बातमीआधी या संस्थेत एकदाच उच्चारला गेला. शुक्रवारी, बंद दाराआड, एका माणसासमोर. आणि ते वय नव्हतं. ते साल होतं. पायावरून दगड गेला ते साल.”

विद्याश्रीने राजवीर यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही ऐकलंसुद्धा नाहीत नीट,” ती म्हणाली. “चार वर्षं तो नाच बसवलात म्हणून सांगता, आणि तो कुठून आला हे एकदा विचारलं नाहीत.”

“पुरावा आहे का हा?” राजवीर म्हणाले. “एक आकडा?”

“कोर्टात नसेल,” क्रांतीताई म्हणाल्या. “या शेडमध्ये आहे.”

शांतव्वा खुर्चीतून उठल्या. टाच, अर्धं वळण, चवडा. त्याच ठेक्यात त्या राजवीर यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्याएवढ्याही त्या नव्हत्या.

“तम्मा,” धाकट्या भावाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, “बिमार पाडायचंस की मला. येवडं का मारायचं?”

राजवीर काही कबूल न करता आपली बॅग बंद करायला वळले. भूमिकाने पोशाख उतरवून घडी केली आणि विद्याश्रीच्या बॅगेवर टाकली. तिच्या हातात दिली नाही. “बदली म्हणून माझी यादीतली जागा तशीच राहूदे,” ती अमरसिंहांना म्हणाली. “हिचा पाय मुरगळला तर मी नाचणार.”

दुपारी एक पंचावन्नला विद्याश्रीने स्वतःच्या फोनवरून घेंटला मेल पाठवली : आजी जिवंत आहे, मी येत आहे, एकल मी नाचणार, रचना माझी आहे.

बस दोन वाजून बारा मिनिटांनी सुटली. आत आठ माणसं होती. विद्याश्री चालकाच्या मागे, राजवीर शेवटच्या रांगेत. मधल्या सीटवर अमरसिंह, मांडीवर लॅपटॉप. शांतव्वा आणि क्रांतीताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कुणी हात हलवला नाही.

तीन वाजता, किणी टोलनाक्याच्या पुढे, घेंटहून उत्तर आलं, प्रत संस्थेच्या खात्यावर. वैयक्तिक खात्यावरून आलेला बदल आपल्याला घेता येत नाही. संस्थेच्या अधिकृत खात्यावरून एका ओळीत कळवावं : एकल कोण सादर करणार आणि रचना कोणाची. पुस्तिका मंगळवारी सकाळी दहाला छपाईला जाईल. म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. विमानाला एक तास असताना.

विद्याश्री उठून अमरसिंहांच्या सीटपाशी गेली आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं. मग मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. राजवीरही फोनमध्ये तेच वाचत होते.

“जाग्यावर बस,” अमरसिंह तिला म्हणाले. “गाडी चालू हाय.”

बस साताऱ्याला चहासाठी थांबली तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अधिकृत खात्यावरून तोवर कुठलीही मेल गेलेली नव्हती. पासवर्ड दोघांकडे आहे.